विकतचे मत आणि मिळवलेला वाचक : गुणाधारित लेखनव्यवहाराची चिकित्सा

सारांश

लेखनाचे मोल ठरविण्यासाठी मते, गुण किंवा संख्या यांचा वापर होऊ लागला आणि त्या संख्येला आर्थिक लाभ जोडला गेला, की ती संख्याच विकत घेण्याचा बाजार उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे दोन अनुभवांच्या आधारे स्पष्टीकरण करण्याचा प्रयत्न केला आहे. पहिला अनुभव २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'स्टीमिट' या बक्षीस देणाऱ्या लेखन-व्यासपीठाचा आहे. दुसरा अनुभव आपल्या महाविद्यालयांतील शोधनिबंधांच्या गुणपद्धतीचा आहे. दोन्ही ठिकाणी वाचनाशिवाय मत देणे शक्य झाले, हेच बिघाडाचे मूळ आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : मत, वाचक, शोधनिबंध, शैक्षणिक कामगिरी निर्देशांक, तज्ज्ञ-समीक्षा.

१. प्रस्तावना

लेखन चांगले की सामान्य, हे ठरविण्याचा अधिकार वाचकाचा, असे आपण परंपरेने मानत आलो आहोत. पूर्वी हा निर्णय हळूहळू होत असे. लेख वाचला जाई, त्यावर चर्चा होई, कोणी पत्र लिही, कोणी खंडन करी आणि काही वर्षांनी त्या लेखाचे स्थान आपोआप निश्चित होई. परंतु पदोन्नती, नेमणूक किंवा रोख मोबदला यांचा निर्णय ठरावीक मुदतीत घ्यावयाचा असेल, तर इतकी वाट पाहता येत नाही. मग वाचकाच्या निर्णयाची जागा एखादे मोजता येणारे चिन्ह घेते. कोठे ते चिन्ह 'मत' असते, कोठे 'गुण', तर कोठे 'प्रकाशित निबंधांची संख्या'.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदविले होते. एखादे परिमाण नियंत्रणासाठी वापरले जाऊ लागले, की त्याची पूर्वीची विश्वसनीयता टिकत नाही, असा त्याचा आशय आहे. ज्ञानव्यवहारालाही हे निरीक्षण लागू पडते. परंतु परिमाण नेमके कोणत्या पायरीवर बिघडते, त्यात कोणाचा लाभ व कोणाची हानी होते आणि त्यावर महाविद्यालयाच्या पातळीवर काय करता येईल, याचा तपशीलवार विचार आपल्याकडे कमी झाला आहे. तो करताना आधी जेथे हा सारा व्यवहार उघडपणे, आकड्यांनिशी घडला त्या व्यासपीठाकडे पाहू व नंतर आपल्या घराकडे वळू.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

विवेचनापूर्वी तीन गोष्टींत भेद करणे आवश्यक आहे.

(अ) लेखन लोकांपुढे नेण्याचा खर्च : कागद, छपाई, टपाल आणि जाहिरात यांसाठी लेखकाने किंवा प्रकाशकाने पैसे खर्च करणे यात गैर काहीच नाही. जाहिरात वाचकाचे लक्ष वेधते, पण निर्णय वाचकाकडेच राहतो. जाहिरात पाहून आलेला वाचक लेख नापसंत करू शकतो.

(आ) विकतचे मत : येथे लेखक पैसे देतो आणि त्या बदल्यात थेट निर्णयच घेतो. मत देणाऱ्याने लेख वाचलेला असण्याची गरज उरत नाही. विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकांत मतासाठी पैसे देणे हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण ठरते. लेखनव्यवहारात मात्र असा स्पष्ट निर्बंध क्वचितच आढळतो.

(इ) परस्पर देवघेव : यात पैसा फिरत नाही. 'तू मला मत दे, मी तुला देतो' एवढाच करार असतो. न केलेल्या कामाबद्दल सहलेखक म्हणून नाव घालणे किंवा ठरवून एकमेकांचे संदर्भ देणे हे त्याचे विद्यापीठीय प्रकार होत. परिणामाच्या दृष्टीने हा प्रकार दुसऱ्याहून फारसा वेगळा नाही, कारण येथेही वाचन अनावश्यक ठरते.

यावरून असे दिसते की, पैसे दिले गेले की नाही ही कसोटी अपुरी आहे. निर्णय वाचून झाला की न वाचता, ही खरी कसोटी होय.

३. स्टीमिटचा अनुभव

२०१६ मध्ये नेड स्कॉट आणि डॅनियल लॅरिमर यांनी 'स्टीमिट' हे व्यासपीठ सुरू केले. त्याची कल्पना आकर्षक होती. लेखकाने आपले लिखाण तेथे प्रसिद्ध करावे, वाचकांनी त्याला मत द्यावे आणि व्यवस्थेत रोज नव्याने निर्माण होणाऱ्या 'स्टीम' या आभासी चलनाचा एक भाग मतांच्या प्रमाणात लेखकांना वाटला जावा. जाहिरातदार नको, संपादक नको, लेखक आणि वाचक यांचा थेट संबंध असावा, अशी ती रचना होती. मत देणाऱ्यालाही वाटा मिळे. चांगले लेखन शोधून काढण्याचे ते पारितोषिक होते. आरंभीच्या वर्षांत लेखकाला ७५ टक्के व मतदात्यांना २५ टक्के असे वाटप होते.

या रचनेत दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. एक म्हणजे सर्वांचे मत सारखे नव्हते. ज्याने जितके चलन व्यवस्थेत गुंतवून ठेवले असेल तितके त्याचे मत वजनदार असे. दुसरे म्हणजे मताची शक्ती दुसऱ्याच्या हवाली करण्याची सोय पुढे उपलब्ध झाली. पूर्ण ताकदीचे एक मत दिले की मतशक्तीचा २ टक्के भाग खर्च होई आणि दिवसाला २० टक्के शक्ती भरून येई. म्हणजे रोज अशी दहा मते देता येत. मोठ्या गुंतवणूकदाराला रोज दहा चांगले लेख शोधून वाचणे हे कष्टाचे काम होते. त्यापेक्षा आपली मतशक्ती भाड्याने देणे सोपे व खात्रीचे होते.

यातून 'बोली लावणारी यंत्रे' अस्तित्वात आली. ही स्वयंचलित खाती होती. दर २ तास २४ मिनिटांनी, म्हणजे २ टक्के शक्ती भरून येताच, ती एक मत देत. त्या अवधीत ज्या लेखकांनी रक्कम पाठविली असेल त्यांच्यात ते मत बोलीच्या प्रमाणात विभागले जाई. यंत्राला लेख वाचता येत नव्हता आणि वाचण्याचे प्रयोजनही नव्हते. सर्वाधिक मोबदल्याचे लेख अग्रभागी दाखविले जात असल्यामुळे विकतच्या मतांनी वर चढलेले लेखच नव्या वाचकाच्या प्रथम दृष्टीस पडू लागले.

४. बाजाराचे गणित

हा व्यवहार लेखकाला खरोखर लाभदायक होता का, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, यंत्राच्या एका मताचे मूल्य १०० रुपये आहे. त्यातील लेखकांचा वाटा ७५ रुपये. दहा लेखकांनी प्रत्येकी ७ रुपयांची बोली लावली, तर प्रत्येकाला साडेसात रुपये मिळतील. निव्वळ लाभ ५० पैसे. पुढच्या फेरीत इतरांपेक्षा मोठा वाटा मिळावा म्हणून प्रत्येकाने बोली ८ रुपयांवर नेली, तर प्रत्येकाला पुन्हा साडेसात रुपयेच मिळतील. आता ५० पैशांचा तोटा होईल. दुसऱ्याची बोली आधी कळत नसल्यामुळे बोली नफा संपेपर्यंत वाढत जाते. अखेरीस खात्रीचा लाभ केवळ यंत्राच्या मालकाला होतो.

मग लेखक मते का विकत घेत राहिले? याचे उत्तर बक्षिसाच्या रचनेत आहे. रोज वाटावयाची एकूण रक्कम ठरलेली होती. म्हणून एकाने विकत घेतलेले प्रत्येक मत इतर सर्वांच्या वाट्यातून कापले जाई. जो लेखक मत विकत घेत नसे, त्याचे उत्पन्न त्याच्या लेखनात काहीही उणे नसताना घटत असे. विकत घेणाऱ्याला फारसा नफा नाही आणि न घेणाऱ्याला निश्चित तोटा, अशा पेचात प्रामाणिक लेखकही ओढला जातो. व्यक्तिगत नीतिमत्तेचे आवाहन अशा ठिकाणी अपुरे पडते, कारण व्यवस्था प्रामाणिकपणावर दंड आकारत असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये या व्यवस्थेचे नियम बदलण्यात आले. लेखक व मतदाते यांचा वाटा समसमान करण्यात आला. नापसंतीची मते देण्यासाठी स्वतंत्र शक्ती देण्यात आली. त्यामुळे विकतच्या मतांनी फुगलेला मोबदला इतरांना खाली आणता येऊ लागला. मते विकण्यापेक्षा निवड करून मत देण्यात अधिक लाभ दिसू लागताच अनेक यंत्रे बंद पडली किंवा त्यांनी आपले स्वरूप बदलले. परंतु तोवर अनेक खरे वाचक दुरावले होते. नापसंतीच्या मतांवरून गटबाजी झाली ती वेगळीच. पुढे २०२० मध्ये मालकी हक्काच्या वादातून सदस्यांचा एक मोठा गट 'हाइव्ह' या नव्या व्यवस्थेत निघून गेला.

याच काळातील दुसरे उदाहरण 'मीडियम' या व्यासपीठाचे आहे. २०१७ पासून तेथे वाचकांनी दिलेल्या 'टाळ्यां'च्या आधारे लेखकांना मोबदला दिला जाई. २०१९ मध्ये ही पद्धत बदलून सदस्य वाचकाने लेखावर प्रत्यक्ष किती वेळ घालविला, यावर मोबदला ठरविण्यास प्रारंभ झाला. ही पद्धतही निर्दोष नाही, कारण लांबण लावलेल्या लेखाला तिचा लाभ होऊ शकतो. तथापि बदलाची दिशा महत्त्वाची आहे. चिन्ह मोजण्याकडून वाचन मोजण्याकडे ती जाते.

५. आपल्याकडील गुणपद्धती : २०१० ते २०२५

महाविद्यालयीन अध्यापकांना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक, म्हणजे अध्यापकांच्या बोलण्यातील 'एपीआय', लागू केला. त्यामागील हेतू चांगला होता. निवड समितीच्या लहरीला आणि ओळखीपाळखीला आळा बसावा व प्रत्येक उमेदवाराचे काम समान मोजमापाने पाहिले जावे, अशी अपेक्षा होती. त्यानुसार तज्ज्ञ-समीक्षित नियतकालिकातील निबंधाला १५ गुण आणि तशी समीक्षा नसलेल्या, पण मान्यताप्राप्त व आयएसएसएन क्रमांक असलेल्या नियतकालिकातील निबंधाला १० गुण ठरविण्यात आले. परिषदेच्या कार्यवृत्तातील पूर्ण निबंधालाही १० गुण होते.

येथेच स्टीमिटच्या रचनेची आठवण व्हावी. गुण निबंधाला होते, पण निर्णयासाठी निबंध वाचण्याची सक्ती कोणावरही नव्हती. नियतकालिक 'तज्ज्ञ-समीक्षित' आहे की नाही, हे बहुधा त्याच्या मुखपृष्ठावरील दाव्यावरून ठरे. आयएसएसएन हा तर केवळ ओळख क्रमांक आहे. वाहनाला नोंदणी क्रमांक मिळाला म्हणून ते सुस्थितीत आहे असे सिद्ध होत नाही. त्याप्रमाणे हा क्रमांक गुणवत्तेची ग्वाही देत नाही. तरीही बायोडाटामध्ये तोच क्रमांक गुणवत्तेचा शिक्का म्हणून मिरविला जाऊ लागला. चार-पाच दिवसांत 'समीक्षा' उरकून शुल्क घेऊन निबंध छापणारी नियतकालिके आणि संशयास्पद संस्थांनी बहाल केलेले 'इम्पॅक्ट फॅक्टर' यांचा सुळसुळाट झाला. बोली लावणाऱ्या यंत्राचे काम येथे छापखान्याने केले. फरक एवढाच की, स्टीमिटवर बक्षीस व्यासपीठाच्या तिजोरीतून मिळे, तर येथे शुल्क अध्यापक भरतो आणि त्याचे फळ पदोन्नतीच्या रूपाने सार्वजनिक निधीतून येते.

हा प्रश्न केवळ भारतापुरता नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी जाणूनबुजून ढोबळ चुका असलेला एक बनावट निबंध ३०४ मुक्त नियतकालिकांकडे पाठविला होता. त्यांपैकी १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. २०१९ मध्ये हैदराबाद येथील 'ओमिक्स' प्रकाशनसमूहाला अमेरिकेतील न्यायालयाने दिशाभूल करणाऱ्या व्यवहाराबद्दल ५ कोटी १ लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला.

आपल्याकडे आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यात विद्यापीठांनी शिफारस केलेली नियतकालिकेही होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागाची तपासणी केली. हा अभ्यास २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या ५,६९९ नियतकालिकांतून १,३३६ यादृच्छिक पद्धतीने निवडण्यात आली. आंतरराष्ट्रीय सूचींत आधीच असलेली ३२७ वगळून १,००९ नियतकालिके तपासली गेली. त्यांपैकी ३४.५ टक्के नियतकालिकांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे अशी प्राथमिक माहितीच चुकीची किंवा अनुपलब्ध होती. आणखी ५२.३ टक्के नियतकालिकांत चुकीचा आयएसएसएन क्रमांक, इम्पॅक्ट फॅक्टरचे खोटे दावे किंवा तत्सम दोष आढळले. या गटातील ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निम्न दर्जाची असावीत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही शिफारस बाहेरच्या कोणी केलेली नव्हती. ती विद्यापीठांकडूनच गेली होती. म्हणजे न वाचता दिलेले मत केवळ निबंधापुरते राहिले नव्हते, नियतकालिकालाही तसेच मत मिळाले होते.

मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके सूचीतून वगळली. जुलै २०१८ च्या विनियमांत मोजमाप सुटसुटीत करण्यात आले. विज्ञानशाखांसाठी प्रत्येक निबंधाला ८ आणि भाषा, मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांसाठी १० गुण देण्यात आले. महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी अर्जांची छाननी करताना प्रकाशनांना प्रत्येकी २ व कमाल ६ गुण ठेवण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस 'केअर' या उपक्रमाची घोषणा झाली. त्याचा कक्ष पुणे विद्यापीठात होता आणि त्याची सूची जून २०१९ पासून लागू झाली. सूचीतील नामवंत नियतकालिकांच्या नावाची नक्कल करून बनावट संकेतस्थळे चालविणारे लोक लगेच पुढे आले. अशा नकली नियतकालिकांची स्वतंत्र नोंद ठेवण्याची वेळ कक्षावर आली. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही सूची बंद केली आणि नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी मार्गदर्शक निकषांसह उच्चशिक्षण संस्थांवर सोपविली. तत्पूर्वी जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विनियमांच्या मसुद्यात गुणांच्या बेरजेऐवजी नऊ क्षेत्रांतील उल्लेखनीय योगदान पाहावे, असे सुचविण्यात आले होते.

पंधरा वर्षांच्या या प्रवासाचा अर्थ काय? दर वेळी चिन्ह बदलले गेले. आधी क्रमांक, मग सूची, मग अधिक काटेकोर सूची. प्रत्येक चिन्हाभोवती नवा बाजार उभा राहिला. निबंध कोणी वाचला, हा प्रश्न मात्र सूचीच्या बाहेरच राहिला. फेब्रुवारी २०२५ नंतर तो प्रश्न थेट महाविद्यालयांच्या दारात आला आहे.

यात सर्वाधिक हानी कोणाची होते, हेही पाहिले पाहिजे. तासिका तत्त्वावर काम करणारा तरुण अध्यापक मर्यादित मानधनातून प्रकाशनशुल्क भरतो, कारण मुलाखतीत स्पर्धकाकडे निबंधांची संख्या अधिक असेल, ही भीती त्याला असते. निवडीच्या जागा ठरलेल्या असतात. म्हणून येथेही एकाची विकतची संख्या दुसऱ्याची संधी कमी करते. दोन वर्षे क्षेत्रकार्य करून एक निबंध लिहिणारा अध्यापक कागदोपत्री सहा महिन्यांत तीन निबंध छापणाऱ्याच्या मागे पडतो. अशा वेळी त्याला दोष देण्याऐवजी त्याच्यापुढे पर्याय ठेवणे हे संस्थेचे काम आहे.

६. वाचक मिळविण्याची परंपरा

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात या पर्यायाची सूत्रे सापडतात. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली 'सत्यकथा' या मासिकाने लेखनाची कठोर निवड केली. तेथून 'साभार परत' आलेले लेखन हा नवोदित लेखकाचा नित्याचा अनुभव होता. परंतु परत पाठविण्यापूर्वी ते वाचले जाई आणि अनेकदा संपादकाचे सविस्तर पत्र सोबत येई. नकार हाही एक वाचकाचा प्रतिसाद होता. १९८२ मध्ये हे मासिक बंद झाले, तरी तेथे प्रसिद्ध होण्याला असलेले मोल टिकून राहिले.

याच 'सत्यकथे'च्या अभिरुचीला विरोध करीत लघुनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांचे 'शब्द' आणि पुढे भालचंद्र नेमाडे यांचे 'वाचा' ही तिची परिचित नावे होत. ही मंडळी पदरमोड करून अंक काढीत. येथे आधी केलेला भेद स्पष्ट होतो. त्यांनी कागदासाठी व छपाईसाठी पैसे खर्च केले, मान्यतेसाठी नव्हे. मान्यता मिळेल याची खात्री तर नव्हतीच. तरीही त्या अंकांना वाचक मिळाले, कारण त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही होते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेशी निगडित असलेले 'नवभारत' हे वैचारिक मासिक १९४७ पासून चालत आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि मे. पुं. रेगे यांच्यासारख्या संपादकांनी त्याचा वाचक घडविला. गुणांची कोणतीही योजना नसताना अध्यापक तेथे लिहीत, कारण आपला लेख विचारी माणसे वाचतील, हा विश्वास त्यांना होता.

सोलापूरच्या संदर्भात हा मुद्दा अधिक मूर्त करता येईल. सात रस्त्यावरील संगमेश्वर महाविद्यालय १९५३ पासून कार्यरत आहे. २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ येथे स्थापन झाले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा शहरात नांदतात. यंत्रमाग, विडी उद्योगातील स्त्रिया, सीमाभागातील भाषाव्यवहार, अवर्षण आणि शेती हे विषय येथील अध्यापकाच्या दारात आहेत. विडी कामगार स्त्रियांच्या आरोग्यावर मराठीत लिहिलेला काळजीपूर्वक निबंध कामगार संघटनेचा कार्यकर्ता, महापालिकेचा आरोग्य अधिकारी आणि त्या घरातून आलेली विद्यार्थिनी वाचू शकते. हाच निबंध सदोष इंग्रजीत, दूरच्या एखाद्या 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकात शुल्क भरून छापला, तर गुण मिळतात आणि हे तिन्ही वाचक गमावले जातात.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या नावाने दुसरीकडचा माल विकला जाऊ नये म्हणून अशा मानांकनाची गरज भासते. परंतु चादरीचा लौकिक मानांकनापूर्वीचा आहे. तो तिच्या विणीने आणि टिकाऊपणाने घरोघरी मिळविला. मानांकन नाव राखते, चादर विणत नाही. नियतकालिकांच्या सूचींकडून याहून अधिक अपेक्षा करणे योग्य नव्हते.

७. महाविद्यालयाच्या पातळीवरील उपाय

या विवेचनातून पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. संख्येपेक्षा निवड : अमेरिकेत २०१२ मध्ये तयार झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचा आग्रह असा आहे की, संशोधनाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या आकड्यावरून न करता संशोधनाच्या आशयावरून करावे. महाविद्यालयाने अंतर्गत मूल्यमापनात अध्यापकाकडून सर्व निबंधांच्या यादीऐवजी त्याच्या मते सर्वोत्तम असे दोन किंवा तीन निबंध मागवावेत आणि समितीने ते वाचून लेखी अभिप्राय द्यावा.

२. वाचनसभा : महिन्यातून एकदा एका सहकाऱ्याचा निबंध सर्वांना आठवडाभर आधी द्यावा व त्यावर चर्चा व्हावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही. ज्या निबंधाचा लेखक त्याच्या मुद्द्यांवर अर्धा तास बोलू शकत नाही, त्याविषयी फार काही सांगावे लागत नाही.

३. समीक्षेची पारदर्शकता : महाविद्यालयीन नियतकालिकाने प्रत्येक निबंधासोबत तो आल्याची, दुरुस्तीची व स्वीकृतीची तारीख छापावी. वर्षभरात आलेले, स्वीकारलेले व परत पाठविलेले निबंध किती, हेही जाहीर करावे. एकही निबंध परत न पाठविणाऱ्या नियतकालिकाने स्वतःला तज्ज्ञ-समीक्षित म्हणवून घेणे कठीण आहे.

४. शुल्क व निर्णय यांची फारकत : छपाईचा खर्च भागविण्यासाठी शुल्क घ्यावे लागले, तर ते आधीच जाहीर असावे, स्वीकृतीनंतरच घ्यावे, त्याची पावती द्यावी आणि समीक्षकाला लेखकाने शुल्क भरले की नाही हे कळू नये. तासिका तत्त्वावरील अध्यापकांना व संशोधक विद्यार्थ्यांना सूट असावी.

५. समीक्षकाच्या श्रमाला मान : स्टीमिटवर निवडीचे फळ वाढविताच मते विकण्याचा मोह कमी झाला. आपल्याकडे समीक्षकाचे काम बहुधा विनामोबदला व अनामिक असते. काळजीपूर्वक लिहिलेल्या समीक्षेची नोंद अध्यापकाच्या वार्षिक अहवालात शैक्षणिक कार्य म्हणून घ्यावी.

६. प्रतिसादाला जागा : प्रत्येक अंकात मागील अंकातील लेखांवरील पत्रे, खंडने व पूरक माहिती यांसाठी काही पाने राखून ठेवावीत. खरा वाचक आहे की नाही, हे त्या पानांवरून लगेच कळेल.

यावर एक आक्षेप संभवतो. वाचून केलेला निर्णय व्यक्तिनिष्ठ असतो आणि त्यातून पुन्हा जुनी वशिलेबाजी येईल, म्हणून संख्याच बरी, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप गंभीर आहे, कारण गुणपद्धती मुळात त्यासाठीच आली होती. म्हणून संख्या पूर्णपणे टाकून द्यावी असे येथे सुचविलेले नाही. किमान पात्रतेसाठी संख्या असावी आणि त्यापुढील निर्णय वाचून, लेखी कारणांसह व्हावा. लेखी कारण तपासता येते व त्याला आव्हान देता येते. केवळ गुणांच्या बेरजेला आव्हान देण्याची सोय नसते, कारण तिच्यात कोणीच काही म्हटलेले नसते.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, मतांचा बाजार हा लेखकांच्या अप्रामाणिकपणातून जितका जन्मतो, त्याहून अधिक तो वाचनाशिवाय मत देऊ देणाऱ्या रचनेतून जन्मतो. दुसरा, बक्षीस किंवा जागा मर्यादित असतात तेव्हा विकतचे मत निरुपद्रवी राहत नाही. ते न विकत घेणाऱ्याचा हक्क कमी करते. तिसरा, चिन्हे बदलून हा प्रश्न सुटत नाही, हे २०१० ते २०२५ या काळातील अनुभवाने दाखविले आहे. चौथा, पैसे खर्च करणे आणि निर्णय विकत घेणे यांत भेद आहे. लघुनियतकालिकांनी पदरमोड केली तरी त्यांची प्रतिष्ठा कमी झाली नाही, याचे कारण हेच.

सूची बंद झाल्यामुळे महाविद्यालयांना मिळालेले स्वातंत्र्य हे तितकेच मोठे उत्तरदायित्व आहे. महाविद्यालयीन नियतकालिकांनी, यात प्रस्तुत नियतकालिकाचाही समावेश आहे, वरील निकष प्रथम स्वतःला लावून पाहावेत. सहकाऱ्याचा निबंध मन लावून वाचणे आणि त्यावर प्रामाणिक अभिप्राय देणे हे काम वेळखाऊ आहे. त्याचे गुण कोणत्याही तक्त्यात दाखविता येत नाहीत. परंतु तेवढे काम झाल्याखेरीज इतर कोणत्याही गुणांना अर्थ राहत नाही.